प्लुटोपेक्षा एरिस जड, हे तोललं कुणी?

तोलाईदार, सांगली

नमस्कार मंडळी. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पेठेत मी तोलाईचं काम करतो. बावीस वर्षं झाली. शिक्षण बारावीपर्यंत, त्यामुळं प्रश्न साधा वाटला तरी उत्तर द्या.

मुलगी नववीत आहे. परवा जेवताना तिनं लायब्ररीतल्या पुस्तकातलं एक वाक्य वाचून दाखवलं: एरिस हा बटुग्रह प्लुटोपेक्षा आकारानं किंचित लहान आहे, पण वजनानं 27 टक्के जास्त आहे. वाचून झाल्यावर माझ्याकडं बघून म्हणाली, "पप्पा, हे तोललं कुणी?"

घास हातातच राहिला. पोतं काट्यावर चढल्याशिवाय मी आकडा तोंडातून काढत नाही. शेतकरी समोर उभा असतो, आठ-नऊ महिने राबून त्यानं ते पोतं आणलेलं असतं. डोळ्यांनी अंदाज सगळेच करतात, हमालसुद्धा पाठीवर घेतल्या घेतल्या सांगतो की छप्पन भरंल. पण अंदाजावर पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या हिशोबाची पावती, निघत नाही. आणि पुस्तकात "बराच जड" असं लिहिलेलं नाही, 27 टक्के लिहिलंय. असा आकडा काट्यावरूनच येतो.

एरिस सूर्यापासून पृथ्वीच्या 96 पट लांब आहे असं त्याच पानावर आहे. तिथं अजून एकही यान गेलेलं नाही. फोटोत नुसता ठिपका दिसतो. मग काटा कुठं लावला? फॉर्म्युला असला तरी चालेल, फक्त पायरी पायरीनं सांगा. पोरीला मला स्वतः समजावून द्यायचंय.

निवृत्त मास्तर, वाई

तोलाईदार, काटा आहे. त्या काट्याचं नाव डिस्नोमिया. एरिसचा चंद्र.

एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं, पण "तोललं कुणी" असा नेमका प्रश्न वर्गात फार थोड्या मुलांनी विचारला. लेकीला माझा आशीर्वाद सांगा.

गोफण तुम्ही फिरवली असेल. दोरी तेवढीच ठेवून दगड जोरात फिरवला की हाताला ओढ जास्त लागते, सावकाश फिरवला की कमी. चंद्राच्या बाबतीत दोरी म्हणजे गुरुत्वाकर्षण, आणि ती ओढ मधला गोळा किती जड आहे यावर ठरते. म्हणून चंद्र किती लांबून फिरतो आणि एका फेरीला किती दिवस लावतो, या दोन गोष्टी कळल्या की मधल्या गोळ्याचं वजन हातात येतं. (खरा शब्द वस्तुमान. वर्गात मी तोच वापरायला लावायचो. इथं तुमचा शब्द राहू द्या.)

आता हिशोब. जुन्या दोन पारड्यांच्या तागडीसारखा करू. एका पारड्यात आपली जोडी, पृथ्वी आणि चंद्र. दुसऱ्यात एरिस आणि डिस्नोमिया.

आपला चंद्र 3,84,400 किमी लांब, फेरी 27.32 दिवसांची. डिस्नोमिया एरिसपासून 37,300 किमी, फेरी 15.79 दिवसांची.

अंतराला अंतरानं भागा: 10.3 आले. त्याचा घन करा, म्हणजे तीन वेळा गुणा. दशांश नीट धरले तर 1,095 च्या आसपास येतं. दिवसांना दिवसांनी भागा: 1.73. त्याचा वर्ग, जवळजवळ 3. आता 1,095 ला या वर्गानं भागा. 366 येतात.

म्हणजे एका पारड्यात पृथ्वी-चंद्र ठेवले तर दुसऱ्यात एरिसच्या 366 जोड्या टाकाव्या लागतील. किलोत हवं असेल तर 165 लिहून पुढं 20 शून्यं द्या. घन आणि वर्गाचा हा नियम केप्लरनं 1619 मध्ये मांडला. सूर्याभोवती फिरणाऱ्या ग्रहांवरून त्याला तो सापडला होता, पण कुणीही कुणाभोवती फिरत असलं तरी तो लागू पडतो.

प्लुटोचा हिशोब लेकीला करू द्या. शेरॉन हा त्याचा मोठा चंद्र 19,600 किमी अंतरावर आहे, फेरी 6.387 दिवसांची.

37,300 हा आकडा कसा आला हेही विचाराल, म्हणून सांगतो. एरिस सूर्याभोवती कसा सरकतो यावरून तो आपल्यापासून किती लांब आहे ते पक्कं कळतं. मग दुर्बिणीतून एरिस आणि डिस्नोमिया यांच्यात आकाशात किती फट दिसते ते मोजायचं. ती फट जास्तीत जास्त अर्ध्या विकलेएवढी आहे. पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीचे 3,600 भाग केले तर त्यातला एक. सप्टेंबर 2005 मध्ये हवाईतल्या केक दुर्बिणीतून हा चंद्र पहिल्यांदा दिसला, नंतर हबल या अवकाशातल्या दुर्बिणीनं त्याच्या फेऱ्या मोजल्या, आणि 2007 मध्ये खगोलशास्त्रज्ञ मायकेल ब्राउन आणि एमिली शॅलर यांनी वजन जाहीर केलं. प्लुटोला ग्रहांच्या यादीतून काढलं ते 2006 साली, म्हणजे एरिसचं हे तोलमाप व्हायच्या आधी. हा क्रम बहुतेकांच्या ध्यानात नसतो.

एक्स-रे टेक्निशियन, मिरज

सरांनी छान सांगितलंय. मी शेरॉनच्या सापडण्याबद्दल लिहिते, कारण ती गोष्ट माझ्या कामाच्या फार जवळची आहे.

मी मिरजेत एका दवाखान्यात एक्स-रे काढते. पेशंटनं श्वास सोडला किंवा हात हलवला की प्लेट खराब होते आणि परत काढावी लागते. आता सगळं कॉम्प्युटरवर आहे, पण मी शिकले तेव्हा फिल्म होती, आणि खराब फिल्मचा गठ्ठा वेगळा ठेवायचो. शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या, टाकण्याआधी बघ, नक्की काय हललंय. पेशंट हलला असेल तर सगळी हाडं दुहेरी दिसतील. एकाच जागी दुहेरी रेघ दिसली तर ते हलणं नसतं, तिथं काहीतरी असतं.

22 जून 1978 ला वॉशिंग्टनमध्ये खगोलशास्त्रज्ञ जेम्स क्रिस्टी प्लुटोच्या फोटोंच्या काचेच्या प्लेटा बघत होते. प्लुटोची कक्षा नीट बसवायची, एवढंच काम होतं. काही प्लेटांवर प्लुटोचा ठिपका लांबट दिसत होता, एका बाजूला फुगीर, आणि म्हणून त्या खराब धरून बाजूला ठेवलेल्या होत्या. दुर्बीण हलली असती तर आजूबाजूचे तारेही लांबट दिसले असते. ते गोलच होते. फुगवटा फक्त प्लुटोला. क्रिस्टींनी जुन्या प्लेटा काढून बघितल्या, तर तो फुगवटा कधी वरच्या अंगाला, कधी खालच्या, आणि दर सहा दिवसांनी आणि काही तासांनी परत तिथंच. प्लुटोचा उजेड कमीजास्त व्हायला तेवढाच वेळ लागतो हे आधीपासून माहीत होतं. तो फुगवटा म्हणजे चंद्र होता. नाव ठेवताना त्यांनी पत्नी शार्लीन यांच्या नावातलं "शार" मनात धरलं, आणि मेलेल्यांना नदीपार नेणारा ग्रीक नावाडीही त्याच नावाचा निघाला.

या काट्यावर प्लुटोचं काय झालं बघा. शोधण्याआधी खगोलशास्त्रज्ञ पर्सिव्हल लॉवेल यांनी तिथला ग्रह पृथ्वीच्या सातपट जड असेल असं गणित मांडलं होतं. 1930 मध्ये प्लुटो सापडल्यावरही कित्येक वर्षं तो पृथ्वीएवढा जड असेल असं धरून चालत. शेरॉन सापडला आणि वजन पृथ्वीच्या साडेचारशेव्या हिश्शापेक्षाही खाली आलं. अठ्ठेचाळीस वर्षं नुसता अंदाज चालला होता.

तोलाईदार, सांगली

सर, ताई, दोघांचेही मनापासून आभार. काल रविवार, यार्ड बंद. दुपारी पोरगी आणि मी दोघं बसलो. कोऱ्या पट्टीच्या मागं हिशोब केला.

एरिस: 366 आले, तुम्ही सांगितलं तसंच. भागाकार तिनं हातानं केला, मी मोबाइलवर ताडून बघितला.

प्लुटो: अंतराचा भागाकार 19.6, घन 7,543. दिवसांचा 4.277, वर्ग 18.3. भागून 412.

म्हणजे पृथ्वीच्या पारड्यासमोर एरिसचे 366 पुरतात, प्लुटोचे 412 लागतात. एरिस जड, हे पटलं. पण किती जड? 412 ला 366 नं भागलं तर 1.126. म्हणजे साडेबारा टक्के जास्त. पुस्तकात 27 आहेत!

तीनदा करून बघितलं. पोरीचं म्हणणं पुस्तक चुकलंय. मी तिला म्हटलं, आधी काटा तपास, मग दुसऱ्याला खोटं म्हण. तर सर, फरक कुठं पडतोय? साडेबारा टक्के आणि सत्तावीस टक्के यात फार अंतर आहे. आमच्याकडं एवढा फरक निघाला तर सौदा मोडतो.

माणदेशी, म्हसवड

मास्तरांच्या आधी मीच लिहितो, कारण उत्तर तुमच्याच धंद्यातलं आहे. बारदान वजा करायचं राहिलं!

तुम्ही पोत्यासकट तोललंय. ही फेरीची युक्ती जोडीचं वजन देते, गोळा अधिक चंद्र. एरिसच्या जोडीत डिस्नोमिया शंभरात एखादा भाग असेल नसेल, म्हणजे रिकाम्या पोत्याएवढा. तो धरला काय, सोडला काय, फारसं बिघडत नाही. पण शेरॉन तसा नाही. तो प्लुटोच्या निम्म्या रुंदीचा आहे, 1,212 किमी, आणि वजनानं प्लुटोच्या आठव्या हिश्शाएवढा. एवढं जड बारदान असलेला माल तुम्ही आयुष्यात तोलला नसेल.

आता दोघांना वेगळं कसं करायचं? इथं आमची कावड कामाला येते.

आमच्याकडं चैत्रात शिंगणापूरला कावडी मुंगी घाटानं वर चढतात, ते सगळ्यांना माहीत आहे. मी सांगतोय ती घरच्या पाण्याची कावड. दुष्काळात आजोबा दोन मैलांवरून कावडीनं पाणी आणायचे. पुढच्या घागरीच्या बुडाला बारीक भोक होतं, मेणानं बुजवलेलं, तरी वाटेत पाणी झिरपायचं. जसजशी पुढची घागर हलकी व्हायची तसतसे आजोबा दांडी पुढं ढकलायचे, म्हणजे खांदा मागच्या, जड घागरीजवळ यायचा. घरी पोचेपर्यंत दांडीचा पुढचा हात लांब आणि मागचा आखूड झालेला असायचा. खांदा कुठं आहे ते बघून आजी विहिरीपासून किती पाणी गळलं ते सांगायची, घागरीत न डोकावता.

प्लुटो आणि शेरॉन म्हणजे अशी कावड आहे. दांडी 19,600 किमीची. दोघंही एका बिंदूभोवती फिरतात, तोच खांदा. दुर्बिणीतून मागच्या ताऱ्यांच्या संदर्भानं प्लुटो किती डुलतो ते मोजलं की खांदा सापडतो. तो प्लुटोच्या मध्यापासून 2,125 किमीवर आहे आणि शेरॉनपासून उरलेल्या 17,475 किमीवर. भागा. 0.12 आणि वर थोडं. शेरॉन प्लुटोच्या बारा टक्के.

प्लुटोची त्रिज्या 1,188 किमी. म्हणजे हा खांदा प्लुटोच्या पोटात नाही, जमिनीपासून 900 किमीहून जास्त वर, पोकळीत आहे. आपला चंद्र पृथ्वीला डुलवतो, पण तो बिंदू पृथ्वीच्या पोटातच राहतो. ऑर्कस नावाचा अजून एक गोळा आहे, त्याचा चंद्र व्हँथ. तीही अशीच कावड, खांदा बाहेर.

तेव्हा जोडीचं वजन 100 धरा. शेरॉनचं बारदान 10.85, निव्वळ प्लुटो 89.15. तुमचा एरिस 112.6. आता भागा.

एक घरची गोष्ट. माझ्याकडं बारा इंची दुर्बीण आहे, आरसा पुण्याच्या एका मित्रानं घासून दिला. म्हसवडच्या पलीकडं माळावर, सप्टेंबरच्या अमावास्येला, मी मकर राशीतल्या एका तुकड्यातले तारे वहीत काढले. तीन रात्रींनी परत काढले. एक ठिपका जागेवरून हलला होता. बाकी सगळे तिथंच. मागं ज्वारी कोळपायला आलेले दोन गडी थांबले होते, त्यांनाही दाखवला. तो इतका पुसट असतो की सरळ बघितलं तर नाहीसा होतो, डोळा जरा बाजूला नेला की परत येतो. शेरॉन त्याच ठिपक्यात मिसळलेला. माझ्या दुर्बिणीतून तो कधीच वेगळा दिसणार नाही, पण त्या ठिपक्यात दोघं आहेत हे माहीत असल्यावर बघणं बदलतं.

निवृत्त मास्तर, वाई

माणदेशींनी माझं काम केलं, आणि माझ्यापेक्षा चांगलं केलं. वर्गात मी हे सी-सॉ सांगून शिकवायचो. कावड शंभर पटींनी सरस आहे.

एवढीच पुस्ती जोडतो. भागाकार केल्यावर 26 च्या वर काहीतरी येईल, नेमके 27 येणार नाहीत. 2007 चा आकडा 1.27 पट होता आणि त्यालाच दोन टक्क्यांची सूट जोडलेली होती, वर किंवा खाली. तेव्हा पुस्तकही खरं आणि तुम्हीही खरे.

आणि लेकीला हेही दाखवा. एरिसची रुंदी 2,326 किमी, प्लुटोची 2,377. एरिसची रुंदी 6 नोव्हेंबर 2010 ला कळली. त्या रात्री एरिस एका ताऱ्याच्या पुढून गेला आणि चिलीतल्या दुर्बिणींनी तारा किती सेकंद झाकला गेला ते मोजलं. आपल्याकडं नैनितालजवळ देवस्थळच्या दुर्बिणींनीही 6 जून 2020 ला प्लुटोमागं जाणारा तारा टिपला, त्यावरून प्लुटोच्या विरळ हवेचा दाब काढला. तर वजन चंद्राकडून, रुंदी सावलीकडून. दोन्ही हातात आल्यावर कळतं की पोतं जवळपास तेवढंच आहे आणि वजन सव्वापट. म्हणजे आतला माल वेगळा. प्लुटोची घनता पाण्याच्या 1.85 पट, एरिसची 2.4 पट. एरिसमध्ये बर्फ कमी आणि खडक जास्त.

तोलाईदार, सांगली

बारदान! सर, ताई, माणदेशी भाऊ, मी खरंच कपाळाला हात लावला. रोज दोनशे वेळा हातानं करतो ते काम इथं सुचलं नाही.

112.6 भागिले 89.15. 1.263 आले. पोरीनं पट्टीवर त्याखाली दोन रेघा मारल्या.

शेवटचं सरांनी लिहिलंय ते तर आमच्या रोजच्या बोलण्यातलं आहे. दोन पोती सारखीच भरलेली दिसतात, एक तोलायला चढवलं की काटा पुढं जातो. त्यातलं हळकुंड मोडून बघायचं, आत गच्च केशरी असतं, मोडताना टणक आवाज येतो. हलक्या पोत्यातलं हळकुंड मोडलं तर आत पोकळ. व्यापारी बोट आत घालून बघतात. एरिस मोडून बघता येत नाही, तरी आत काय आहे ते कळलं, हे मला अजून पचायला वेळ लागतोय.

एक राहिलं. पोरगी विचारतेय, ज्याला चंद्रच नाही त्याचं काय?

एक्स-रे टेक्निशियन, मिरज

इतक्या लांबच्या छोट्या गोळ्याला चंद्र नसला तर त्याचं नेमकं वजन होत नाही, यान जवळून जाईपर्यंत. आणि यान जाणं सोपं नाही. न्यू होरायझन्स 19 जानेवारी 2006 ला निघालं आणि 14 जुलै 2015 ला प्लुटोजवळून गेलं, साडेनऊ वर्षं.

सेडना, मकेमके, गोंगगोंग हे एरिससारखेच लांबचे गोळे. सेडना 2003 मध्ये सापडली. तिला आजवर चंद्र सापडलेला नाही. मकेमकेचंही बरीच वर्षं तसंच होतं. त्याचा चंद्र हबलनं एप्रिल 2015 मध्ये टिपला. तो मकेमकेपेक्षा 1,300 पट मंद आहे, आणि त्याची कक्षा आपल्याला कडेनं दिसते, म्हणून बराच काळ तो मकेमकेच्या झगझगाटात बुडालेला राहतो. आधीही फोटो काढलेले होते, त्यात दिसला नव्हता. गोंगगोंगचा चंद्र तर 2010 च्या जुन्या फोटोंमध्येच होता. गोंगगोंग स्वतःभोवती फार सावकाश फिरतो, एखादा चंद्र त्याला ओढून मंद करत असेल असा संशय आला, म्हणून कुणीतरी ते फोटो परत उघडले आणि तो सापडला. जुनी प्लेट टाकू नये ती यासाठी.

निवृत्त मास्तर, वाई

लेकीसाठी एक गणित, या वेळी उत्तर मी देणार नाही. हाउमिया, एरिससारखाच एक बटुग्रह. अंड्यासारखा लांबट, स्वतःभोवती चार तासांच्या आत एक गिरकी घेतो, भोवती कडं आहे. चंद्र दोन. मोठ्याचं नाव हिइयाका, अंतर 49,900 किमी, फेरी 49.5 दिवसांची. बारदानाची काळजी करू नको म्हणावं, दोन्ही मिळून हलकेच आहेत.

तोलाईदार, सांगली

सर, तिनं एकटीनं केलं, मी यार्डातून यायच्या आत.

अंतर 7.7, घन 457. दिवस 0.552, वर्ग 0.305. भागून दीड हजार. पृथ्वीच्या पारड्यासमोर दीड हजार हाउमिया.

तिनं आता कोऱ्या पट्टीचं एक अख्खं पॅड मागून घेतलंय. मालाच्या रकान्यात नावं लिहिलीत: प्लुटो, शेरॉन, एरिस, हाउमिया. निव्वळ वजनाच्या रकान्यात आकडे. शेवटची ओळ सेडनाची आहे, त्यापुढं तिनं रकाना मोकळा ठेवलाय आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलंय, "तोल बाकी".